क्वार्टरबॅक सोडला म्हणजे पैसे वाचलेच, असे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलमधल्या एखाद्या नामवंत क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला) संघाने करारमुक्त केले की मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर चार-सहा ओळींची बातमी येते आणि ‘यामुळे संघाचे इतके कोटी डॉलर वाचले’ या वाक्यावर ती संपते. हे वाक्य बहुतेक वेळा अर्धवट असते आणि कधी कधी साफ उलटे असते. मार्च २०२४ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने रसेल विल्सनला सोडले, तेव्हा त्या वर्षाच्या हिशेबात डेन्व्हरचे काहीही वाचले नव्हते. उलट १.७६ कोटी डॉलरचा जादा बोजा अंगावर आला होता. तो कसा आला हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

ही चूक का होते ते समजण्यासारखे आहे. आपल्याकडे खेळाडूंच्या पैशाचा हिशेब म्हटला की आयपीएलची पर्स डोळ्यांसमोर येते. कोलकाता नाइट रायडर्सने वेंकटेश अय्यरला २३.७५ कोटी रुपयांना घेतले आणि पुढच्या लिलावाआधी सोडले, तेव्हा ती सगळी रक्कम लिलावासाठी त्यांच्या पर्समध्ये परत आली. खेळाडू गेला आणि हिशेब मिटला. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडू गेला तरी हिशेब मागे राहतो. नावाजलेल्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत तो दोन-दोन वर्षे राहतो.

मूळ नियम असा. प्रत्येक संघाला वर्षाच्या पगारखर्चाची एकच मर्यादा असते, तिलाच कॅप म्हणतात. २०२४ साठी ती २५.५४ कोटी डॉलर होती, २०२५ साठी २७.९२ कोटी. ही मर्यादा पक्की आहे. बास्केटबॉलच्या एनबीएसारखा जादा कर भरून ती ओलांडण्याची सोय इथे नाही. मार्चमध्ये नवे लीग वर्ष सुरू होते त्या क्षणी संघाला तिच्या आत असावेच लागते.

मात्र खेळाडूच्या हातात पडणारा पैसा आणि कॅपमध्ये धरला जाणारा पैसा या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. पगार ज्या वर्षी दिला त्याच वर्षी कॅपमध्ये धरला जातो. साइनिंग बोनस मात्र खेळाडूला लगेच मिळतो आणि कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान वाटून मांडला जातो. पाच कोटींचा बोनस दिला तर वर्षाला एक कोटी. खेळाडू दोन वर्षांनी गेला तर उरलेल्या तीन कोटींचे काय? ते पुसले जात नाहीत. ते एकदम वहीवर येऊन बसतात. यालाच डेड मनी म्हणतात: जो मैदानावर नाही त्याच्या नावाने अडकलेली कॅपमधली जागा. बोनसचा हा पैसा संघ आता नव्याने देत नसतो, तो खेळाडूच्या खात्यात कधीच गेलेला असतो. ‘संघाला आता इतके कोटी मोजावे लागणार’ असे लिहिताना हा भेद राहून जातो.

आता विल्सनचा हिशेब. मार्च २०२२ मध्ये सिएटल सीहॉक्सने त्याला डेन्व्हरला दिले. त्याच्या जुन्या कराराचे दोन हंगाम शिल्लक होते. तरीही डेन्व्हरच्या जर्सीत एकही अधिकृत सामना खेळण्याआधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, त्याच्याशी पाच वर्षांचा वाढीव करार झाला. एकूण रक्कम २४ कोटी डॉलरहून जास्त. त्यात ५ कोटींचा साइनिंग बोनस होता, तो २०२२ ते २०२६ वर वर्षाला १ कोटी असा पसरला. २०२३ मध्ये २ कोटींचा ऑप्शन बोनस (करारातल्या पर्यायानुसार नंतरच्या वर्षी दिला जाणारा बोनस) दिला गेला, तो २०२३ ते २०२७ वर वर्षाला ४० लाख असा पसरला. ऑप्शन बोनसही कॅपच्या वहीत साइनिंग बोनससारखाच वाटला जातो.

मार्च २०२४ मध्ये स्थिती अशी होती. साइनिंग बोनसचे तीन वर्षांचे ३ कोटी आणि ऑप्शन बोनसचे चार वर्षांचे १.६ कोटी, मिळून ४.६ कोटी अजून वहीवर यायचे होते. शिवाय २०२४ चे ३.९ कोटी पूर्ण गॅरंटीचे, म्हणजे खेळाडू सोडला तरी द्यावेच लागणारे, होते: १.७ कोटी पगार आणि २.२ कोटींचा आणखी एक ऑप्शन बोनस. बेरीज ८.५ कोटी डॉलर. एका खेळाडूपोटी इतका डेड मनी त्या वेळेपर्यंत कुणीच ओढवून घेतला नव्हता. त्याआधीचा मोठा आकडा अटलांटाच्या मॅट रायनचा होता, सुमारे ४.०५ कोटींचा.

हे ८.५ कोटी एकाच वर्षात घेतले असते तर डेन्व्हरच्या कॅपचा एक तृतीयांश भाग एका झटक्यात गेला असता. म्हणून त्यांनी एक जूनची सवलत वापरली. एक जूननंतर खेळाडू सोडला तर फक्त चालू वर्षाचा बोनसचा वाटा त्या वर्षी धरला जातो आणि उरलेला सगळा पुढच्या वर्षी. मार्चमध्येच सोडूनही ‘एक जूननंतर सोडला असे धरा’ असे कळवण्याची मुभा प्रत्येक संघाला वर्षाला दोन खेळाडूंपुरती असते. त्यानुसार २०२४ मध्ये बोनसचे १.४ कोटी आणि गॅरंटीचे ३.९ कोटी असे ५.३ कोटी धरले गेले, आणि २०२५ मध्ये उरलेले ३.२ कोटी.

सोडले नसते तर २०२४ च्या कॅपमध्ये विल्सनचे ३.५४ कोटी धरले गेले असते. पगाराचे १.७ कोटी, जुन्या दोन बोनसचे १.४ कोटी, आणि नव्या २.२ कोटींच्या ऑप्शन बोनसचा पाचवा हिस्सा म्हणजे ४४ लाख. सोडल्यावर तो ऑप्शन बोनस पाच वर्षांवर पसरवायची संधीच गेली आणि गॅरंटी म्हणून तो पूर्णच्या पूर्ण २०२४ वर पडला. ५.३ वजा ३.५४ म्हणजे १.७६ कोटी. सुरुवातीला सांगितलेला जादा बोजा तो हाच.

मग सोडले तरी का? कारण करारात एक तारीख होती. लीग वर्षाच्या पाचव्या दिवशी, म्हणजे १७ मार्च २०२४ रोजी, विल्सन संघात असता तर २०२५ चे आणखी ३.७ कोटी गॅरंटीचे झाले असते. वर्षभर ठेवून मार्च २०२५ मध्ये सोडायचे ठरवले असते तर जुन्या बोनसचे ३.२ कोटी, नव्या ऑप्शन बोनसचे उरलेले १.७६ कोटी आणि गॅरंटीचे ३.७ कोटी असा ८.६६ कोटींचा डोंगर पुन्हा उभा राहिला असता, आणि ३.७ कोटी रोख जास्तीचे द्यावे लागले असते. दोन वाईट पर्यायांमधला कमी वाईट निवडला गेला. त्या निर्णयाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष द्यायचाच तर सप्टेंबर २०२२ च्या सहीला द्यावा. दोन हंगाम हातात असताना थांबून बघता आले असते.

हा पैसा शेवटी कुणाच्या खिशातून गेला? विल्सनला सोडणार हे जाहीर झाले त्याच आठवड्यात डेन्व्हरने जस्टिन सिमन्स या आपल्या उत्तम सेफ्टीला (बचावातल्या मागच्या खेळाडूला) सोडले, कॅपमध्ये १.४५ कोटी मोकळे करण्यासाठी. डेड मनी पहिला गिळतो तो मधल्या पगाराचा चांगला खेळाडू. ही जोडबातमी मराठीत आमच्या पाहण्यात आली नाही याची खंत वाटते, कारण क्वार्टरबॅक सोडण्याचा खरा परिणाम तिथे दिसत होता. पुढे बो निक्ससारखा नवखा क्वार्टरबॅक डेन्व्हरला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बाराव्या क्रमांकावर मिळाला. चार वर्षांचे मिळून त्याचे सुमारे १.८६ कोटी. त्यामुळे कॅपचा पाचव्याहून जास्त हिस्सा अडकलेला असूनही संघ २०२४ मध्ये १० सामने जिंकून प्लेऑफला पोचला. नवखा क्वार्टरबॅक चालला नसता तर तो हंगाम कसा गेला असता हे सांगायला नकोच.

विल्सनला पिट्सबर्ग स्टीलर्सने घेतले, तेही केवळ १२.१ लाख डॉलरला, म्हणजे त्याच्या ज्येष्ठतेच्या खेळाडूला द्याव्या लागणाऱ्या किमान पगारावर. ‘विल्सनची किंमत एवढी घसरली’ असा अर्थ अनेकांनी काढला, आणि तो चुकीचा होता. त्याच्या गॅरंटीला वळतीची अट होती: नवा संघ जेवढे देईल तेवढे डेन्व्हरच्या देण्यातून वजा. विल्सनला काहीही झाले तरी ३.९ कोटीच मिळणार होते. मग पिट्सबर्गने जास्त देऊन डेन्व्हरचा भार हलका कशाला करावा? पिट्सबर्गने १२.१ लाख दिले आणि डेन्व्हरने ३.७७९ कोटी. सोडलेल्या खेळाडूचा नवा पगार वाचताना ही अट होती की नाही हे आधी बघावे.

एक जूनच्या सवलतीबद्दलही बराच गैरसमज आहे. ही सूट नव्हे, ही नुसती मुदतवाढ. बेरीज तीच राहते, फक्त दोन वर्षांत विभागली जाते. आणि तिची किंमत असते. जी काही जागा मोकळी व्हायची ती एक जून उलटल्यावरच होते, तोवर त्या खेळाडूचा पूर्ण आकडा कॅपमध्ये बसून राहतो. मार्चमध्ये मोकळ्या खेळाडूंचा बाजार भरतो तेव्हा ती जागा वापरता येत नाही. जूनमध्ये हाती आलेले पैसे बहुधा ड्राफ्टमधल्या नवख्यांच्या करारांना, दुखापतींच्या बदल्यांना किंवा पुढच्या वर्षी नेण्यासाठी उपयोगी पडतात. न वापरलेली कॅप पुढच्या वर्षी नेता येते.

न्यूयॉर्क जेट्सने २०२५ मध्ये ॲरन रॉजर्सला सोडताना हीच सवलत वापरली. जेट्स आणि जायंट्स नाव न्यूयॉर्कचे लावतात पण खेळतात न्यू जर्सीत, जिथे मराठी वस्ती मोठी आहे. इथल्या मराठी घरांत हा हिशेब हंगामभर बोलला गेला. रॉजर्सचा २०२५ चा कॅप आकडा २.३५ कोटी होता. डेड मनी एकूण ४.९ कोटी. तडकाफडकी सोडले असते तर २०२५ मध्ये तब्बल २.५५ कोटींचा जादा भार आला असता. सवलतीमुळे २०२५ मध्ये १.४ कोटी धरले गेले, म्हणजे ९५ लाखांची जागा सुटली आणि ३.५ कोटी २०२६ च्या डोक्यावर गेले. ‘जेट्सचे ९५ लाख वाचले’ ही बातमी तांत्रिकदृष्ट्या खरी. पण ३.५ कोटींचा उल्लेख न करता ती देणे म्हणजे वाचकाला अर्ध्यावर सोडून देणे होय.

खरोखर पैसे वाचल्याचे स्वच्छ उदाहरणही आहे. लास व्हेगास रेडर्सने एप्रिल २०२२ मध्ये डेरेक कारशी तीन वर्षांचा १२.१५ कोटींचा करार केला. मथळा मोठा, पण आत बोनस अगदी थोडा होता आणि मोठी गॅरंटी सुपर बोलनंतर (हंगामाच्या अंतिम सामन्यानंतर) तिसऱ्या दिवशी पक्की होणार होती. ती तारीख होती १५ फेब्रुवारी २०२३ आणि रक्कम ४.०४ कोटी. १४ फेब्रुवारीला त्याला सोडले. डेड मनी जेमतेम ५६ लाख, आणि सुमारे २.९ कोटींची जागा मोकळी. करारावर सही करतानाच बाहेर पडायची वाट मोजून ठेवली होती. विल्सन आणि कार यांतला फरक खेळाचा कमी आणि कराराच्या बांधणीचा जास्त आहे. कारच्या बाजूनेही एक पक्के हत्यार होते. त्याच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे धाडता येत नव्हते. त्याने संमती दिली नाही, तारीख तोंडावर होती, आणि रेडर्सना बदल्यात काहीही न मिळता त्याला मोकळे करावे लागले.

या दोन्ही प्रकरणांत शेवटच्या दोन सामन्यांत क्वार्टरबॅकला बाकावर बसवले गेले, आणि दोन्ही वेळा त्याच्या जागी खेळला तो जॅरेट स्टिडहॅम. २०२२ च्या हंगामात रेडर्ससाठी, २०२३ मध्ये डेन्व्हरसाठी. हा योगायोग मजेशीर असला तरी बाकावर बसवण्यामागचे कारण पक्के हिशेबाचे होते. पुढच्या वर्षाच्या रकमेला पूर्ण गॅरंटी मिळण्याआधी बहुधा दुखापतीपुरती गॅरंटी असते. शेवटच्या सामन्यात गुडघा गेला आणि मार्चमध्ये खेळाडू वैद्यकीय तपासणीत बसला नाही, तर ती रक्कम द्यावीच लागते. म्हणून सोडायचे मनात असले की संघ त्याला मैदानाबाहेर ठेवतो. गॅरंटीची तारीख पुढे ढकल, नाहीतर बाकावर बसवू, असे हंगामाच्या मध्यावरच आपल्याला सांगण्यात आले होते, असे विल्सनने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितले. जायंट्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये डॅनियल जोन्सला आधी बसवले आणि मग सोडले, त्यामागेही २०२५ ची २.३ कोटींची दुखापत-गॅरंटी होती. तरीही २०२५ च्या कॅपमध्ये त्याचे सुमारे २.२ कोटी राहिलेच. ‘फॉर्म गेल्यामुळे वगळले’ एवढेच लिहिले की ही बाजू सुटते.

सोडण्याऐवजी दुसऱ्या संघाला दिले तर? गॅरंटीचा पगार खेळाडूबरोबर जातो, दिलेल्या बोनसचे उरलेले हप्ते मात्र जुन्या संघाकडेच राहतात. मॅट रायनचे ४.०५ कोटी अटलांटाच्या वहीत आले ते मार्च २०२२ मध्ये त्याला इंडियानापोलिसला दिल्यामुळे. बदल्यात मिळाली ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतली एक निवड. आणि अशा देवाणघेवाणीला ‘एक जूननंतर असे धरा’ ही सोय नाही. ती खरोखरच जूनमध्ये करावी लागते. निवृत्तीनेही हिशेब सुटत नाही. ड्रू ब्रीजने फेब्रुवारी २०२१ मध्ये आपला २.५ कोटींचा पगार १०.७५ लाखांवर आणला. न्यू ऑर्लिन्सला त्याची निवृत्ती जूनपर्यंत कागदावर लांबवता यावी आणि बोनस दोन वर्षांत विभागता यावा, हा त्यामागचा हेतू होता.

डेड मनी फुगतो कसा, हे एकदा आकड्यांत बघितले की बाकीचे आपोआप उलगडते. समजा, ३ कोटी पगाराच्या क्वार्टरबॅकच्या कराराची चार वर्षे उरली आहेत. संघाला यंदा जागा हवी आहे. पगारातले १२ लाख तसेच ठेवून २.८८ कोटी बोनसमध्ये बदलले. खेळाडूला पैसे तेच मिळाले, उलट लवकर मिळाले, म्हणून तो आनंदाने सही करतो. कॅपमध्ये यंदा १२ लाख आणि बोनसचा चौथा हिस्सा ७२ लाख, मिळून ८४ लाख. वाचले २.१६ कोटी. पुढच्या मार्चमध्ये त्याला सोडले तर बोनसचे उरलेले तीन हप्ते, बरोबर २.१६ कोटी, समोर उभे. हेच लागोपाठ तीन-चार वर्षे केले की पस्तिशी ओलांडलेला, खेळ मंदावलेला क्वार्टरबॅक ‘सोडणे परवडत नाही’ म्हणून संघात राहतो. काही संघ पुढे भर म्हणून नुसती नावापुरती वर्षे जोडतात, जी ठरलेल्या तारखेला आपोआप रद्द होतात, आणि रद्द होताच उरलेला बोनस एकदम वहीत येतो. २०२३ मध्ये टॉम ब्रॅडी निवृत्त असताना टॅम्पा बेच्या कॅपमध्ये त्याच्या नावाचे सुमारे ३.५ कोटी होते ते यामुळेच.

आणखी एक बारीक गोष्ट. मार्चपासून हंगाम सुरू होईपर्यंत कॅपमध्ये सगळ्यात महागडे ५१ खेळाडूच मोजले जातात. एक गेला की यादीत खालचा ५२ वा वर सरकतो, आणि त्याचा किमान पगार मोजला जातो. म्हणजे कागदावर एक कोटी सुटले तरी हाती आठ-नऊ लाखांनी कमीच येतात. क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर त्याच्या जागी येणारा खेळाडू फुकट मिळत नाही. रॉजर्सनंतर जेट्सने जस्टिन फील्ड्सला दोन वर्षांसाठी ४ कोटींना घेतले. दोघांचा खर्च एकत्र मांडल्याशिवाय बचतीचा आकडा पुरा होत नाही.

आपल्या क्रीडा विभागाला आमची विनंती छोटी आहे. अशी बातमी देताना एका ओळीऐवजी तीन ओळी द्याव्यात: चालू वर्षाच्या कॅपमध्ये किती फरक पडला, पुढच्या वर्षावर किती ढकलले, आणि रोख किती द्यायचे राहिले. शिवाय कोणती तारीख चुकवण्यासाठी निर्णय त्याच आठवड्यात झाला, तेही. नवा करार जाहीर होतो त्या दिवशी येणारा भलामोठा आकडा बहुधा एजंटाकडून आलेला असतो आणि त्यात सगळे काही मनासारखे घडले तरच मिळणारी रक्कम धरलेली असते. गॅरंटीच्या तारखा आणि बोनसची विभागणी दोन-तीन दिवसांनी बाहेर येते. तोवर थांबता येत नसेल तर मथळ्यात एकूण रकमेऐवजी सही होतानाच पक्की झालेली गॅरंटी छापावी.

आपले,
अमेरिकन फुटबॉलचे काही मराठी वाचक, न्यू जर्सी